बाबांची वेताची खुर्ची

पवईतल्या नव्या नोकरीत मी दिवसभर तेल, साबण आणि बिस्किटांबद्दल लिहिते. मार्केटिंगवाल्यांचा एकच धर्म: शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याला काहीतरी करायला सांगायचं. आजच मागवा, आत्ताच या. सुरुवातीला डोकं उठायचं, आता बोटं आपोआप लिहितात.

म्हणूनच कित्येक वर्षं बंद पडलेला माझा ब्लॉग परत उघडला. रविवारची दुपार होती. चारकोपच्या आमच्या बाल्कनीत पिवळं ऊन सुस्त पसरलं होतं आणि खाडीपलीकडून सुकत्या बोंबलांचा वास तरंगत येत होता. मी बाबांच्या वेताच्या खुर्चीबद्दल लिहिलं. बाबा आता नाहीत, ती मात्र बाल्कनीतच आहे. 'बाबा उठून आत गेले, तरी खुर्ची थोडा वेळ कुरकुरत राहायची,' इथवर आले, तंद्रीतच आणखी एक ओळ लिहिली आणि पोस्ट टाकून दिली.

माझी एकमेव वाचक म्हणजे आई. त्याच खुर्चीत बसून तिने मोबाईलवर सगळं सावकाश वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत मालवणीत म्हणाली, "बरां लिवलंस. पण खुर्ची विकूक काढलंस काय गो?"

मी शेवटची ओळ बघितली. 'हा निवांतपणा तुम्हीही आजच अनुभवा!'

वाट लागली होती माझी. ती ओळ मी तिथल्या तिथे खोडली.

आई चहा टाकायला उठून आत गेली.

खुर्ची थोडा वेळ कुरकुरत राहिली.