फुग्यांवरचा नेम

सापगावच्या टपरीवर बसणारे फौजेतले एक निवृत्त हवालदार चहासुद्धा एक डोळा बारीक करून पितात. मोबाइलवर नव्या रायफलीची दुर्बीण दाखवली, की नुसतं "बरी हाय" म्हणतात. फुशारकी कधीच नाही.

यंदा म्हशाच्या जत्रेत मी त्यांना फुगे फोडायला उभं केलं. पहिला छर्रा डावीकडे गेला. बंदुकीची खोड त्यांनी ओळखली, पुढचा प्रत्येक नेम जरा उजवीकडे धरला आणि सगळी रांग फोडली.

"काका, तुम्हाला कशाला हवी दुर्बीण?" मी म्हणालो.

त्यांनी नळी खाली करूनच बंदूक परत दिली.

"फुगं उलट गोली मारीत नाय रे. समोरचा आधी दिसला पायजे. आमाला दिसला नाय, म्हनून माझा जोडीदार गेला."