रोडेलच्या लासवात फोडणी

महाल वस्तीतल्या मित्रहो, हे पत्र आपल्या मंडळाच्या फळ्यावर लावा. आज डोकं फिरलं आहे माझं!

इथं आखातात आमच्या खोलीत रोडेल राहतो, फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. त्याले कावीळ झाली, डॉक्टरनं तेल-तिखट बंद केलं. आज कुठं त्याले भूक लागली. कसाबसा उठून त्यानं कोहळं, भेंडी, वांगं नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजवलं. याले ते लासवा म्हणतात, त्यांच्या घरोघरी होतो. मग तो आंघोळीले गेला.

तेवढ्यात आपल्या कामठीच्या गणपतनं झाकण उघडलं. "काय गा हे, बिनफोडणीचं?" म्हणाला, आणि वाटीभर तेलात मोहरी अन् लाल मिरच्या तडतडवून वरून ओतल्या!

रोडेल परत आला, तेलाचा तवंग पाहून त्यानं झाकण लावून टाकलं. जेवला नाही, तर गणपतच चिडला. "आमच्या हातचं चालत नाही का याले?"

"अबे, काहून विचारलं नाही त्याले?" मी ओरडलो.

"चांगल्यासाठीच केलं ना गा!"

भाजी संपली, दुकानं बंद. रोडेल कोरा पाव पाण्यात बुडवून खाऊन राहिला आहे, आणि खोलीतले सगळे गणपतची समजूत काढून राहिले आहेत! सांगा, दुसऱ्याचं जेवण न विचारता सुधारायचा हक्क आपल्याले कोणी दिला?