मेलेल्याचे ओठ

काय सांगू मंडळी, मी आजवर एकदाच मेलो, आणि तेही मला धड जमलं नाही! पेल्यातली कापी निवते आहे, घेता घेता ऐका.

तंजावरात आम्ही मराठी नाटकं करायचो. लिहिणारा मी, नायकही मीच. पण आमच्या लोकांना मराठी बोलायला येतं, वाचायला नाही! नागरी अक्षरं दिसली की नट पसार. म्हणून मी एकेक वाक्य म्हणून दाखवायचो आणि ते ऐकून पाठ करायचे. प्रयोगात कुणी अडलं, की त्याने माझ्या तोंडाकडे बघायचं. मी हळूच ओठ हलवायचो. प्रेक्षकांना पत्ता नाही!

अशा शहाण्याने सिनेमा काढला! मद्रासहून कॅमेरा आला. आमच्या घरातले कर्ते भीमरावकाका, त्यांनी तेव्हाच दम भरला, "हे शेवटचं खूळ रे. लोक हसले, की तू कचेरीत कारकून. सायबाशी बोलून ठेवलोय!"

मी आणि कारकुनी? नुसत्या कल्पनेने ताप भरला मला.

शेवटचा प्रसंग तिरुवैयारुला, नदीकाठी. नवरा मेलाय, म्हणजे मी, आणि बायको विलाप करते. तीही माझीच बायको, अंबू. काय रडली हो! लांबलचक विलाप, पण कुठे अडली नाही. मी डोळे मिटून पडल्या पडल्या खूश. कॅमेरा मद्रासला परत गेला.

फिल्म धुऊन आली, पाहिली, तर काय! पडद्यावर अंबू रडते आहे, आणि शेजारी प्रेत तिच्याबरोबर ओठ हलवतंय! अख्खा विलाप, एक शब्द न चुकता!

"अगं, सांगायचं नाहीस?"

"अय्यो, मी कशाला सांगू? तुमच्या तोंडाकडे बघूनच तर बोलत होते!"

फिल्म घेऊन आलेल्या कॅमेरावाल्याला धरलं. तो तमिळ माणूस, शांतपणे म्हणाला, "सार, मला वाटलं, तुमच्यात असंच मरतात!"

आता आली का पंचाईत? पुन्हा चित्रीकरण करायला कॅमेरा कुठला! तसाच सिनेमा लागला. मी दाराजवळची खुर्ची धरली, शेजारी काका. तो प्रसंग आला आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. आता हसतील, मग हसतील...

कुठलं हसणं! हुंदके ऐकू यायला लागले. पुढे बसलेली पापनाशमची आत्या मोठ्याने म्हणाली, "बिचारा! जीव जाऊलाय, तरी बायकोला काय तरी सांगायला बघूलाय!"

झालं! सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुटलो हो, सुटलो! इतका मोकळा श्वास मी जन्मात घेतला नव्हता. काकासुद्धा अंगवस्त्राने नाक पुसत होते. बाहेर येताच त्यांनी मला मिठी मारली.

"काका, मग कारकुनी?"

"कसली कारकुनी! काढ रे दुसरा सिनेमा. इतकी वर्षं तुझी नाटकं बघूलोय, पण काम केलास ते आज! फक्त एक कर."

"काय, काका?"

"पहिल्या रिळातच मर."