मुशीचं तेल प्यायलेली गाडी

"कौन मर गया इसके अंदर? अरे, कोई बताओ, कौन मर गया?"

बोईसरच्या गॅरेजात आमची गाडी लिफ्टवर चढवलेली आणि तिच्या पोटाखाली उभा राहून मेकॅनिक बोंबलत होता. एका हाताने नाक दाबलेलं, दुसऱ्या हातातला पाना माझ्यावर रोखलेला. शेजारच्या वडापावच्या गाडीवरची गिऱ्हाइकंही वडा हातात तसाच धरून बघायला आली.

मी काही बोलायच्या आत माझे बाबा पुढे झाले. धोतर सावरत, अगदी शांतपणे.

"मेला नाय कोणी. मुशीचं तेल हाय ते. मी लावलंय."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बाबांनी उभा जन्म तांडेलकी केली. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. होडी लाकडाची, आणि लाकूड खाऱ्या पाण्यात टिकवायचं तर त्याला मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, काळजातून काढलेलं तेल पाजायचं, ही आमच्या किनाऱ्यावरची जुनी रीत. त्या तेलाचा वास असा, की पावसाळ्याआधी आमच्या बंदरावर होड्या तेल पिऊ लागल्या, की गुजरातेतली मांजरं पायी निघायची. यातलं थोडं मी वाढवून सांगतो, पण फार नाही.

पुढे मासळी आटली, खलाशी मिळेनात, डिझेल परवडेना. होडी विकली. त्या पैशांतून मी एक जुनी छोटी एसयूव्ही घेतली. बायको सुकी मासळी घेऊन बोईसर-पालघरच्या बाजारात जाते, मी कारखान्यात पाळीवर जातो, दोघांचीही सोय. गाडी ज्याच्याकडून घेतली तो बदली होऊन चाललेला साहेब म्हणाला होता, "एकदम मक्खन आहे." खोटं नव्हतं ते. उन्हाळा लागताच वितळायला लागली.

आधी क्लच गेला, उमरोळीच्या फाटकाजवळ, मागे अर्धा जिल्हा हॉर्न वाजवत असताना. मग एसीने थंड हवा सोडणं बंद केलं आणि नुसते सुस्कारे टाकायला सुरुवात केली. मग बॅटरी. मग कुठल्याशा सेन्सरचा पिवळा दिवा लागला, तो काही केल्या विझेना. शेवटी आम्ही त्याला देवघरातला मानून सोडून दिला. विमा, पीयूसी, टायर हे तर सणवारासारखे येतच होते. एकदा कोळगावला कलेक्टर कचेरीत जाताना सायलेन्सर असा गरजला, की फाटकावरचा पहारेकरी सलाम ठोकून उभा राहिला.

या सगळ्यावर मी घरी रोज कुरकुर करायचो. बाबा ऐकून घ्यायचे. एक दिवस म्हणाले, "होडी खात नव्हती काय?"

होडी खायचीच. दर वर्षी वर ओढा, खरवडा, फटींत कापूस भरा, तेल पाजा, रंग द्या, इंजिन उतरवा. गाडी तिच्यापुढे चिमणीच्या पोटाची. पण बाबांनी त्याला कधी खर्च म्हटलं नाही. ते म्हणायचे, होडीचं खाणं. घरातल्या माणसाच्या जेवणाचा हिशेब कोण मांडतो? मी मात्र गाडीचा प्रत्येक घास मोजत होतो, कारण ती मला घरातली वाटत नव्हती.

त्यांना वाटत होती. होडी गेल्यावर बाबा ओटीवर बसायचे ते समुद्राकडे पाठ करून. गाडी आल्यावर त्यांनी अंगणात तिच्यावर झावळ्यांचं छप्पर घातलं, पावसाळ्यात होडीवर घालायचे तसं, आणि सकाळी उठून तिच्याभोवती एक फेरी मारू लागले. टायर अंगठ्याने दाबून बघायचे, बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकायचे. आणि पावसाळा तोंडावर आला तेव्हा, मी पाळीवर असताना, त्यांनी दोन जुन्या खलाशांना बोलावलं, गाडी दगडांवर उचलली आणि खालून सगळी मनसोक्त तेलात न्हाणून काढली. पत्रा, सांधे, सायलेन्सर, रबर. काही सोडलं नाही.

सायलेन्सर तापला की तेल जळायचं आणि आत मासळी तळल्याचा वास सुटायचा. तो आम्ही सोसला. आम्हाला भूक लागायची एवढंच. पण महिना उलटला आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी खालून खडखडायला लागली, म्हणून गॅरेज.

"लोहा एकदम नया है, बाबा," मेकॅनिक आता जरा निवळला होता. "दरिया के पास की गाड़ी, और जंग का नाम नहीं. लेकिन रबर को क्यों पिलाया?"

त्याने बुश काढून दाखवले. चाकांच्या सांध्यांत बसणारे ते रबराचे तुकडे, तेल पिऊन पिऊन पावासारखे फुगलेले.

बाबांनी एक तुकडा हातात घेतला, बोटांनी दाबला. "होडीला रबर नसते," एवढंच म्हणाले.

सगळे बुश बदलले, खालचं अंग साबणाने धुतलं. त्यानंतर बाबा गाडीजवळ जाईनात. सकाळची फेरी बंद. ओटीवर पुन्हा ती पाठ.

बायको म्हणाली, "विका ती. आमी रिक्षाने जाऊ. रिक्षा बिघडली तर रिक्षावाल्याची बिघडते."

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी चार ठिकाणी शब्द टाकला. पण बाबांना विचारायचं धाडस होईना. ज्या माणसाने एकदा होडी दुसऱ्याच्या हाती दिली, त्याला तोच प्रश्न पुन्हा कुठल्या तोंडाने विचारायचा?

रविवारी मनोरहून एक जण आला. गाडीखाली वाकला आणि हरखलाच. "काय ठेवलीय हो! खाली गंज म्हणून नाय!" मी मानेनेच ओटीकडे खूण केली. बाबांनी वर पाहिलं नाही. किंमत ठरली, त्याने खिशात हात घातला.

तेव्हा ओटीवरून आवाज आला. "ठेवशील कुठं?"

"दारात, काका. मोकळी जागा भरपूर हाय."

"वर काय?"

"वर? वर आभाळ!" तो हसला. मीही हसलो.

बाबा उठले, अंगणात आले आणि माझ्या हातातून किल्ली काढून घेतली. "नाय द्यायची गाडी."

"अहो काका, सौदा झालाय!"

"तुमचा दोघांचा झालाय."

तो बराच वेळ माझ्याशी भांडला, मग मोटारसायकलला लाथ मारून निघून गेला. घरात भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली जाऊ लागली. मी तासभर घराबाहेरच घुटमळलो. ऊन उतरल्यावर अंगणात आलो, तर बाबा गाडीपाशी उकिडवे बसून टायरच्या खाचांतली वाळू खिळ्याने काढत होते.

"बाबा, चांगली किंमत देत होता. का नाय दिली?"

खिळा थांबला नाही.

"उघड्यावर ठेवणार होता."