आईची वीत

माझी आई मुरुडला ज्वारीच्या कडक भाकरी करते. पापडासारख्या पातळ, तव्यावरून उतरवून चुलीच्या धगीला उभ्या करून वाळवलेल्या. या भाकरींच्या जोरावर तिनं मला नांदेडला, विष्णुपुरीला, इंजिनिअरिंग शिकवलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आता नांदेडलाच नोकरीला आहे.

गेल्या वर्षी आईला पुण्याहून पहिली मागणी आली. मूळच्या आमच्याच भागातल्या एक बाई होत्या. आईनं मोठ्या हौसेनं पार्सल पाठवलं आणि पोचला तो चुरा. बाईंनी रागावून नाही, पण स्पष्ट कळवलं, "चव आपल्याकडचीच आहे. आणखी एकदा पाठवून बघा." आईनं मनाशी ठरवून टाकलं, याही वेळी चुरा झाला तर बाहेरगावचं काम बंद.

दुसरं पार्सल पाठवायचं होतं त्या शनिवारी मी घरी आले तेव्हा ती चुलीपुढं होती. पुढच्या खोलीत आप्पांचं, माझ्या वडिलांचं, किराणा दुकान. तिथं बिस्किटांचं रिकामं खोकं काढून ठेवलेलं. भाकरींची चळत तळाला अगदी नेमकी बसत होती, पण वर तेवढीच जागा रिकामी राहत होती. मागच्या वेळी तिथं रद्दी कोंबली होती. वाटेत ती दबली आणि भाकरी आत नाचत गेल्या.

"खोकंच बुटकं करू की," मी म्हणाले. सुचल्याबरोबर मला बसवेना.

"खोकं काय कणीक हाय व्हय, कमीजास्त करायला?" आप्पा म्हणाले.

मी त्यांना समजावलं. चारी कोपऱ्यांना वरून खाली चीर द्यायची, चळतीच्या उंचीपर्यंत. तिथं चमच्याच्या दांड्यानं दाबून रेघ पाडायची. मग चारी बाजू त्या रेघेवर आत दुमडायच्या की तेच झाकण. आप्पांनी लगेच ब्लेड शोधलं.

"माय, चळत किती उंच?" मी आत ओरडून विचारलं.

"एक वीत अन् दोन बोटं."

आप्पांनी खोक्याला वीत लावली, दोन बोटं ठेवली, पेन्सिलनं खूण केली. मी पट्टी धरून चारी बाजूंनी रेघ ओढली, चिरलं, दाबलं, दुमडलं. पुठ्ठा इतका सरळ दुमडला की मी आप्पांकडं बघून हसले. आत भाकरी ठेवल्या, झाकण मिटलं, हलवलं. खुळखुळ आवाज आला.

आई हात पुसत बाहेर आली. झाकण उघडून रेघेशी आपला पंजा लावला. तिचं बोट रेघेच्या बरंच खाली राहिलं.

"इंजिनिअरबाई, ही वीत कुणाची हाय?"

आप्पांनी आपला पंजा आईच्या पंजाशेजारी धरून बघितला. चार वर्षं मापं शिकून मी आप्पांच्या रुंद पंजाला पट्टी लावली होती.

पण चूक जास्तीची होती, म्हणून खोकं वाचलं. या वेळी आईनंच वीत लावली. चिरा आणखी खाली नेल्या, नवी रेघ दाबली. बाजू आता लांब झाल्यामुळं दुमडल्यावर एकमेकींवर चढल्या आणि झाकण दुहेरी झालं. मी हलवलं. आवाज नाही. पुन्हा हलवलं. नाही.

आप्पांनी ते चिकटपट्टी लावून बंद केलं आणि गल्ल्यावरून सरळ खाली टाकलं.

"आवो, काय करून राहिले!" आई धावली.

"मग? कुरिअरवाले काय कडेवर घेऊन जातेत व्हय?"

आईनंच पट्टी फाडली. एकेक भाकरी बोटानं चाचपली. सगळ्या सलग होत्या. मी पुन्हा पट्टी लावली आणि खोकं कडेवर घेऊनच कुरिअरच्या दुकानात गेले.

मंगळवारी बाईंकडून फोटो आला. ताटात मोडलेली भाकरी. मी घाबरतच आईला पाठवला. तेवढ्यात खाली बाईंचा मजकूर आला, "ही आम्ही खायला मोडली. बाकीच्या सगळ्या अख्ख्या आहेत. अजून पाठवाल का?"

पुढच्या वेळी घरी गेले तर तराजूच्या खिळ्याला बांबूची एक काडी दोऱ्यानं लटकत होती. आईची एक वीत आणि दोन बोटं, बरोबर तेवढी कापलेली. खाली बिस्किटांची पाच खोकी मांडून ठेवली होती, आणि आप्पा त्या काडीनं तिसऱ्या खोक्यावर खूण करत होते.