माझ्या हातनं झाली, ताई

यासीनभाऊंकडे गाडी घेऊन गेलेल्या माणसाला ते आधी अंगठी काढायला लावत. गाडीला काय झालंय, कुठून आलात, चहा घेणार का, हे सगळं नंतर. "अंगठी काढा. घड्याळ काढा. कडं असंल तर त्येबी काढा," असं म्हणत ते एक स्टीलची वाटी पुढे करायचे आणि त्या वाटीत पहिल्यांदा स्वतःची चांदीची अंगठी टाकायचे. तरुणपणी त्यांची अंगठी बॅटरीच्या टोकाला आणि पान्ह्याला एकाच वेळी लागली होती आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच लाल झाली होती. त्या बोटावर कायमचं पांढरं वळं उठलं होतं. ते दाखवून म्हणायचे, "माझं लगीन दोनदा झालं. एकदा बायकोसंगं, एकदा बॅटरीसंगं."

माझी अंगठी सासऱ्यांनी लग्नात घातलेली. सहा वर्षांत माझं बोट असं जाड झालं होतं की ती निघायचं नाव घेईना. मी म्हणालो, राहू द्या, मी लांब उभा राहतो. यासीनभाऊंनी आतून साबणाची वडी आणली, माझा हात धरला आणि लहान मुलाचा धुवावा तसा धुऊन अंगठी काढून वाटीत टाकली. मग म्हणाले, "आता बोला. काय करायचंय?" मला फक्त आवाज करायचा होता.

त्याचं असं होतं की मी तेव्हा उर्श्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो, राहायला तळेगावात. नुकतीच जुनी गाडी घेतली होती. कारखान्याच्या पार्किंगमध्ये आमच्यातला एकजण सकाळी गाडी घेऊन शिरायचा तेव्हा सिक्युरिटीच्या केबिनची काच थरथरायची. माझ्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते, एक वायपर चालत नव्हता, पण मला रात्रंदिवस त्या थरथरणाऱ्या काचेचा ध्यास लागला होता. वूफर आणि अ‍ॅम्प डिक्कीत बसवून झाले होते. फक्त गाणं चढायला लागलं की सगळं मंद व्हायचं. कुणीतरी सांगितलं, सोमाटण्यात जुन्या हायवेला यासीनभाऊ म्हणून आहेत, गाड्यांच्या वायरिंगचं काम त्यांच्याकडेच न्यावं.

पत्र्याची शेड, आत एकटा माणूस. साठीकडे झुकलेला, अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात टेस्टर. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. गाडी पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून लावायला सांगितली, हेडलाइट लावायला सांगितले आणि म्हणाले, "आता लावा तुमचं गाणं." मग भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे बघत उभे राहिले. प्रत्येक ठोक्याला उजेड लहान व्हायचा आणि पुन्हा मोठा. "बघितलं? गाडी धापा टाकतीया. तुमी तिला नाचाय लावताय, खायला कोण घालणार?"

खायला घालायचं काम तीन दिवस चाललं. चार्जिंगचा मोठा अल्टरनेटर, मोठी बॅटरी आणि मागच्या सीटखालून डिक्कीपर्यंत जाणारी, अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल. बॅटरीची अर्थिंगची वायर बॉडीला जोडायची तर ते तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडायला बसले. मी कळवळलो. रंग नुकताच मारला होता. "रंगावर करंट चालत न्हाई, दादा," ते मान वर न करता म्हणाले. "जाणाऱ्या वायरीचं समद्यांना कौतिक. परत येनारीकडं कोण बघत न्हाई. मंग म्हनत्यात आवाज फाटतोय." पत्रा चकचकीत होईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.

त्यांना स्वतःला गाण्यांचं काही नव्हतं. शेडमध्ये साधा रेडिओसुद्धा नव्हता. चाचणीसाठी आवाज मोठा केला की ते केबलवर तळहात ठेवून बसायचे. मी विचारलं, कसा वाटतोय? तर म्हणाले, "गाणं तुमी ऐका. मी वायर ऐकतो. वायर गार हाय म्हंजी गाणं चांगलं हाय."

शेवटी त्यांनी बॅटरीच्या अगदी जवळ काचेचा फ्यूज बसवला, बोटाच्या पेराएवढा. तीन जादा फ्यूज काडेपेटीत घालून माझ्या हातात दिले. "ह्यो तुमचा राखणदार. ह्यो जळला तर वंगाळ वाटून घ्यायचं न्हाई. आपल्यासाटी जळला म्हनायचं आन् का जळला ते बघायचं. अजून काय जोडायचं मनात आलं तर आधी हितं यायचं." मी हो हो म्हणालो. माझं सगळं लक्ष डिक्कीकडे होतं.

माझी सासुरवाडी बेडश्याची. चैत्रात गावची यात्रा असते. तिथे एक पद्धत पडली होती, पालखीपुढे गावच्या कुठल्यातरी जावयाची गाडी लागायची आणि तिच्यावर गाणी वाजायची. त्या वर्षी मेव्हण्याने, नवनाथने, माझं नाव सांगितलं होतं. आता मान मिळाल्यावर माणसाने थोडं शहाण्यासारखं वागावं की नाही? मी मित्राकडून दुसरा अ‍ॅम्प आणि आणखी दोन वूफर आणले आणि त्याच वायरीवर माझ्या हाताने जोडले. यासीनभाऊंकडे जायला वेळ नव्हता, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते नको म्हणतील हे मला माहीत होतं.

पालखी देवळातून निघाली आणि पहिला फ्यूज गेला. दुसरा वेशीपर्यंत टिकला. तिसरा आणि चौथा लागोपाठ. गाडी मुकी झाली आणि सगळं सासर माझ्याकडे बघायला लागलं. नवनाथ म्हणाला, "काय ओ दाजी, एवढाच दम?" बाजूलाच मांडव घातलेला होता. तिथे पडलेला एक खिळा मी उचलला आणि फ्यूजच्या जागी दाबून बसवला. आवाज असा काही उसळला की लोकांनी टोप्या उडवल्या. त्यानंतरचे दोन तास माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात अभिमानाच्या तासांपैकी होते, हे कबूल करायला आज लाज वाटते.

दुपारी आम्ही परत निघालो. मी, माझी बायको शैला आणि मागच्या सीटवर झोपलेली चार वर्षांची गौरी. गाणं चालूच होतं. कामशेतच्या अलीकडे शैला म्हणाली, काहीतरी जळतंय. मी म्हणालो, शेतात कुणी पाचट पेटवलं असेल. तिने मागे वळून बघितलं तर गौरीच्या सीटखालून धूर येत होता. गाडी थांबेपर्यंत शैलाने मागे झेप घेऊन पोरीला उचलून घेतलं होतं. आम्ही दूर झालो आणि मागची सीट पेटली. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्याने बर्फाच्या पाण्याचं पिंपच्या पिंप आत ओतलं, दुसऱ्या कुणी बॅटरीची वायर उपटली. गौरीच्या फ्रॉकची कड काळी झाली होती, बाकी काही नाही. ती रडलीसुद्धा नाही. रसवंतीवाल्याने दिलेला बर्फाचा खडा चोखत बसली.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून सोमाटण्याला नेली. शैला हट्टाने बरोबर आली. शेडसमोर टेम्पोवाले चहा पीत उभे होते. शैलाने त्या सगळ्यांदेखत यासीनभाऊंना विचारलं, "तुम्हाला वायरिंग येत नव्हतं तर कामं घेता कशाला? तुमच्या हातानं माझी पोर गेली असती." तिचा आवाज चढला नव्हता. त्यामुळे ते ऐकायला जास्त जड गेलं.

यासीनभाऊंनी बॉनेट उघडलं आणि वाकून बघितलं. त्यांचा हात बॅटरीजवळ गेला, तिथे जरासा थांबला आणि मूठ मिटूनच बाहेर आला. ती मूठ खिशात गेली. मग त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. ते शैलाकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "चूक झाली. माझ्या हातनं झाली, ताई. पोरीला काय झालं न्हाई, अल्लाची मेहेरबानी."

मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी नवरा होतो, बाप होतो, कारखान्यात चाळीस माणसं माझ्या हाताखाली होती आणि मला ते एक वाक्य बोलता आलं नाही.

गोष्ट टेम्पोवाल्यांनी पार वडगावपर्यंत पोचवली. यासीनभाऊंच्या वायरिंगने गाडी पेटली, आत पोर होतं. गाडीत साउंड बसवणारी गिऱ्हाइकं तळेगावच्या एका नव्या दुकानाकडे वळली. यासीनभाऊंकडे टेम्पोचे दिवे आणि बसके हॉर्न तेवढे उरले. हे मला कारखान्यात कळत होतं. मी कामावर जाताना जुना हायवे सोडला आणि लांबच्या रस्त्याने जायला लागलो. दोन वर्षं असा गेलो.

शेवटी एका रविवारी सकाळी मीच गेलो. ते दारात स्टुलावर बसून होते. मी काहीही प्रस्तावना न करता म्हणालो, "यासीनभाऊ, फ्यूजच्या जागी मी खिळा घातला होता."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "निळा पडला हुता तापून. मीच काढला न्हवं का."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ताईंचं त्वांड बघितलं मी, दादा. माझ्यावरचा भरोसा गेला तर ताई दुसऱ्या मेस्तरीकडं जातील. तुमच्यावरचा गेला तर कुटं जातील?" मी रडायला लागलो तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "आता त्यांला काय सांगू नका. झालं ते झालं. सुखानं ऱ्हावा." आणि मी, इतकं ऐकूनही, ती परवानगी समजून घरी आलो.

महिनाभराने नवनाथ घरी आला होता. त्याच्या पिकअपचे दिवे मंद झाले होते आणि कुणीतरी त्याला सोमाटण्याचा पत्ता दिला होता. शैला भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याच्याकडे जाऊ नकोस. माझी पोर जाळली असती त्या माणसानं." नवनाथ बरं म्हणाला. इतकं सहज. एका बरंमध्ये यासीनभाऊंचं आणखी एक काम गेलं. मी ताट बाजूला सारून सगळं सांगून टाकलं. नवनाथला खिळा आठवला. शैलाने तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती तशीच करपली.

दोन दिवस ती माझ्याशी गौरीच्या डब्यापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून म्हणाली, "गाडी काढा." कुठे, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सोमाटण्याला पोचलो तेव्हा टेम्पोवाल्यांची चहाची वेळ होती. तिने तीच वेळ धरली होती. ती शेडसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊ, मी हितं तुम्हाला नको ते बोलले. तुमचं काम चोख होतं. फ्यूजच्या जागी खिळा ह्यांनी घातला होता. मला माफ करा."

यासीनभाऊ गडबडीने उठले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टेम्पोवाल्यांकडे. "न्हाई न्हाई ताई, तसलं काय न्हवतं," ते म्हणाले. "दादा मला सांभाळून घ्यायला बोलत्यात. चूक माझीच हुती. वायर बारीक टाकली मी." ज्यांनी उभ्या जन्मात कुणाच्या गाडीत बारीक वायर टाकली नाही ते चारचौघांत हे सांगत होते, आणि तेही माझ्यासाठी.

शैलाचे डोळे भरले. ती जरा पुढे झाली. "भाऊ, दोन वर्षांनी का होईना, हे खरं बोललेत," ती म्हणाली. "आता तुम्ही ह्यांना खोटं पाडू नका."

टेम्पोवाल्यांचे ग्लास हातातच राहिले. यासीनभाऊ कितीतरी वेळ खाली बघत उभे होते. यासीनभाऊ गेल्या थंडीत गेले, त्यांच्या मातीला आम्ही तिघंही गेलो होतो, पण मला ते आठवतात ते असेच, मान खाली घालून उभे असलेले.

"व्हय ताई," ते म्हणाले. "खिळाच हुता."

माझ्याविरुद्ध त्यांनी काढलेला तो एकमेव शब्द. तो काढताना त्यांचा आवाज कापत होता.