काकूंचे पदरातले हात

मधुमतीकाकूंचे हात सदा पदरात. जयपूरच्या वैशाली नगरातल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत दोन जुने कॉम्प्युटर होते. आम्ही शिकवणीच्या मुली पुढ्यात बसायचो आणि काकू पदरात हात गुंडाळून पाठीशी उभ्या राहायच्या. चूक दिसली तरी आमच्या कीबोर्डला बोट लावायच्या नाहीत. "एरर वरून वाच," एवढंच. ही बाई उभी राहण्याची फी घेते की काय, असं मला वाटायचं.

यजमान, नंदकिशोरकाका, बँकेत. त्यांची बदली झाली की काकूंची जमलेली शिकवणी मोडायची आणि नव्या गावी पुन्हा श्रीगणेशा. आमचीही तीच गत, बाबा फौजेत. २००५ साली मी सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या प्रॅक्टिकलला नापास झाले होते. एप्रिलमध्ये बाबांची बदली ठरलेली. पुन्हा नापास झाले असते तर घरचे सगळे गेले असते आणि मी एकटीच हॉस्टेलवर राहिले असते.

माझं घोडं स्विचमध्येच, म्हणजे आकड्याप्रमाणे वेगवेगळ्या 'केस'कडे वळवणाऱ्या रचनेत, पेंड खायचं. कॅन्टीनचं बिल करायचं होतं: एक दाबलं तर चहा, दोन दाबलं तर कचोरी. दोन्ही केसमध्ये रक्कम ठेवायला मी 'बिल' नावाचा व्हेरिएबल केला. प्रोग्राम तपासणारा कंपायलर म्हणाला, हे नाव आधीच घेतलंय. दुसऱ्याचं नाव बदललं, तर म्हणाला, पहिल्याला किंमत देणारी ओळ टाळून तू थेट दुसऱ्या केसमध्ये उडी मारतेस.

"काकू, मतलब याला हवंय तरी काय?"

"स्विच ही एकच खोली आहे गं, आणि केस म्हणजे तिची दारं. तू पहिल्या दारापाशी माठ ठेवून भरलास. दुसऱ्या दाराने जो आला त्याला माठ दिसतो, पण तो भरलाच गेला नाही. मग तो पिणार काय? मध्ये भिंत घाल."

प्रत्येक केसला महिरपी कंसाची भिंत घातली आणि प्रोग्राम चालला. काकू हसून म्हणाल्या, "पण कंस संपला की आतलं आतच संपतं हं. माझ्या शिकवणीसारखं." मला काही हसू आलं नाही.

परीक्षेत बसच्या तिकिटाचा प्रोग्राम आला. मी शहाणपणाने कंस घातले, तर शेवटी भाडं छापायच्या ओळीवर एरर: असं नावच नाही. मग मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळले आणि वरून वाचत आले. भाडं स्विच संपल्यावर लागणार, म्हणजे माठ खोलीबाहेरच हवा. स्विचच्या वर 'भाडं' लिहून त्याला शून्य दिलं, आत फक्त भरलं. चाललं.

निकालाचे पेढे घेऊन गेले तर काकूंच्या दारात ट्रक उभा. इंदूरला बदली. "झाला बघ कंस बंद," त्या म्हणाल्या. मी पायाशी वाकले, तेव्हा त्यांचे हात पदरातून निघून माझ्या डोक्यावर आले.

लग्नानंतर मी पुन्हा जयपूरला आले. आता इथल्याच मानसरोवर भागात मुलींना शिकवते, हात ओढणीत गुंडाळून. हे सगळं काकूंमुळे, आणि ते त्यांना सांगायलाच हवं होतं. परवा फोनवर सांगितलं.

काकूंनी विचारलं, "पोरी पास होतात ना गं?"